उत्तर जुळवलं म्हणजे तपासलं नव्हे!

दहावीची प्रिलिम तोंडावर आहे. संध्याकाळी सातनंतर बदलापूर पश्चिमेत एक फेरी मारा. हेंद्रेपाडा, मांजर्ली, बेलवली, कुठेही जा. क्लास सुटला की गेटवर पोरांचा घोळका उभा असतो आणि एकच प्रश्न ऐकू येतो, "तुझं किती आलं?" समोरचा आकडा सांगतो. "माझं पण तेवढंच!" झालं. तपासणी संपली, सायकली निघाल्या.

दोघांचं सारखं आलं म्हणजे बरोबर आलं, हे या पोरांना कुणी शिकवलं? आपण शिकवलं. शाळेने, क्लासने, गाइडने, मंडळाने आणि "पेपर कसा गेला, उत्तरं जुळली का?" असं विचारणाऱ्या आपण आई-बापांनी.

मी गणिताचा मास्तर नाही, पत्रकार आहे. पण तपासणं हे माझ्या धंद्यातलं पहिलं काम आहे, म्हणून या विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो. दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला म्हणून बातमी खरी ठरत नाही, कारण दोन्हीकडे ती एकाच ठिकाणाहून आलेली असू शकते. दोन वह्यांत एकच उत्तर असलं तरी तेच. दोघांनी एकाच गाइडमधून पाहिलं असेल, नाहीतर दोघांनी एकच चूक केली असेल. हे ज्याला दहावीत कळलं नाही, तो चाळिशीत आल्यावर फॉरवर्ड तपासेल अशी आशा कशाला धरायची?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी दहावीचं मूल आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी वहीत काय चाललंय ते बघा

ओळखीच्या दोन-चार घरांतल्या दहावीच्या वह्या परवा पाहिल्या. नावं कुणाचीच घेत नाही, गरजही नाही, कारण हे सगळीकडे सारखंच आहे.

पहिली वही. त्रिकोणमितीचं गणित. मुलाचं उत्तर आलं ३०/√३. पुस्तकाच्या मागे उत्तर होतं १०√३. पोराने अख्खं गणित खोडलं आणि पुन्हा सोडवायला घेतलं. अहो, दोन्ही उत्तरं एकच आहेत! ३०/√३ चा अंश आणि छेद √३ ने गुणा, ३०√३/३ होतं, म्हणजेच १०√३. मुलगा बरोबर होता. पण त्याच्या लेखी "बरोबर" याचा अर्थ "मागच्या पानासारखं दिसणारं" एवढाच होता. वीस मिनिटं गेली, आत्मविश्वास गेला तो वेगळाच.

दुसरी वही. इमारतीच्या पायथ्यापासून ३० मीटरवर उभं राहून पाहिलं तर वरच्या टोकाचा उन्नतकोन ६० अंश, इमारतीची उंची काढा. मुलीने ३०√३ काढलं, म्हणजे साधारण ५१.९ मीटर. एका छापील सरावसंचात उत्तर होतं १७.३ मीटर. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी आपलं बरोबर उत्तर खोडून १७.३ लिहिलं. तिघींचं जुळलं. तिघी खूश.

आता विचार करा. उन्नतकोन ४५ अंशांचा असतो तेव्हा उंची आणि अंतर समान असतात. कोन ४५ च्या वर गेला की उंची अंतरापेक्षा जास्तच असणार. मान ६० अंश वर करून बघावं लागतंय आणि इमारत मात्र अंतराच्या जवळपास निम्मी? हे कागद-पेन न घेता कळतं. बदलापुरात आता टॉवरची कमी नाही. खाली उभं राहून वर बघितलं असतं तरी कळलं असतं. पण "छापलंय ना, मग बरोबरच असणार!"

तिसरी वही. वर्गसमीकरण. दोन मुळे आली, एक धन आणि एक ऋण. प्रश्न वयाचा होता. पोराने दोन्ही उत्तरं लिहून खाली रेघ मारली. बापाचं वय उणे काहीतरी! विचारलं, "अरे, हे कसं?" उत्तर मिळालं, "सूत्रात तेच येतंय ना काका." सूत्रात येतंय म्हणून बाप जन्माआधीच बाप झाला.

या तिन्ही मुलांपैकी एकही 'ढ' नाही. तिघांनाही सोडवता येतं, हे लक्षात घ्या. आपण सोडवलेलं खरं की खोटं, हे स्वतःचं स्वतः ठरवणं त्यांना येत नाही. ते ठरवायला त्यांना कायम दुसरं कुणीतरी लागतं. मागचं पान, गाइड, सर, मोबाइल.

वर्गसमीकरण स्वतःच सांगतं की तुम्ही चुकलात

शाळेत गणिताचा धाक बसला म्हणून आपण हे विसरलो, की सगळ्या विषयांत गणित हा असा विषय आहे जिथे विद्यार्थ्याला मास्तरची गरज सगळ्यात कमी लागायला हवी. इतिहासाच्या पेपरात सनावळी चुकली तर ती कुठेतरी बघावीच लागते. वर्गसमीकरणाचं उत्तर चुकलं तर समीकरणच ओरडून सांगतं. ऐकायची सवय पाहिजे.

उदाहरण घ्या: २क्ष² − ७क्ष + ३ = ०. मुळे येतात ३ आणि १/२. चिन्हाची गफलत केली की येतात −३ आणि −१/२. ही गफलत सगळ्यात जास्त होते, कोणत्याही गणिताच्या सरांना विचारा. मधला सहगुणक −७ असताना सूत्रात त्याचं +७ करायला पोरं विसरतात. आता तपासा. क्षच्या जागी −३ घाला. १८ अधिक २१ अधिक ३, म्हणजे ४२. शून्य यायला हवं होतं, आले ४२. चूक सापडली, वीस सेकंदांत.

त्याहूनही झटपट रस्ता आहे. मुळांची बेरीज ७/२ आणि गुणाकार ३/२ यायला हवा. ३ अधिक १/२ म्हणजे ७/२. ३ गुणिले १/२ म्हणजे ३/२. दोन्ही बसले, पुढे चला. हा संबंध बालभारतीच्या पुस्तकात आहे, वर्गात शिकवलाही जातो. पण कसा? "यावर एक प्रश्न येतो" म्हणून. हेच प्रत्येक उत्तर तपासायचं हत्यार आहे, हे सांगायला वेळ नसतो. हत्यार दिलं आणि ते शोकेसमध्ये ठेवायला सांगितलं!

शाब्दिक उदाहरणात आणखी एक पायरी लागते. आपल्या रोजच्या प्रवासाचंच गणित करू. अंतर ६० किलोमीटर धरा, साधारण अंबरनाथ ते सीएसएमटी. गाडीचा सरासरी वेग ताशी १० किलोमीटरने वाढवला तर अर्धा तास वाचतो, तर मूळ वेग किती? समीकरण बनतं क्ष² + १०क्ष − १२०० = ०. मुळे ३० आणि −४०. दोन्ही समीकरणात घालून बघा, दोन्हींना शून्य येतं. मग? आता कथेकडे परत जा. ताशी ३० ने ६० किलोमीटरला दोन तास, ताशी ४० ने दीड तास. अर्धा तास वाचला, बरोबर. आणि उणे ४०? मध्य रेल्वे कितीही रखडवू दे, वेग उणे ४० होत नाही. म्हणून ते मूळ सोडायचं, आणि का सोडलं ते एका ओळीत लिहायचं.

नीट बघा, समीकरणात उत्तर बसलं म्हणजे काम संपलं असं नाही. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर उत्तर त्यात मस्त बसेल आणि तरीही चुकीचं असेल. म्हणून तपासणी समीकरणाशी करायचीच, पण प्रश्नाशीही करायची. कंत्राटदाराचं बिल आतल्या आत अगदी बरोबर जुळतं हो. रस्त्यावर जाऊन मोजलं की कळतं.

त्रिकोणमितीतही तेच

त्रिकोणमितीला पोरं उगाच घाबरतात. इथे तर तपासणीचे पहारेकरी दारातच उभे आहेत.

साइन थीटा ५/३ आला? चूक. काटकोन त्रिकोणात कर्ण सगळ्यात मोठा, त्यामुळे साइन आणि कोसाइन १ च्या वर जाऊच शकत नाहीत. सेक किंवा कोसेक लघुकोनासाठी १ पेक्षा कमी आला? चूक. हे कळायला उत्तरसूची लागत नाही.

नित्यसमानता सिद्ध करायची आहे? सुरुवात करण्याआधी थीटाच्या जागी ३० अंश घालून दोन्ही बाजू काढा. जुळल्या नाहीत तर प्रश्न लिहून घेतानाच चूक झालीय, अर्धा तास डोकं फोडू नका. बरीच पोरं साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर १ यावरून, वर्गमूळ घेतल्यासारखं, साइन अधिक कोसाइन बरोबर १ लिहितात. ३० अंश घाला: ०.५ अधिक ०.८६६, म्हणजे १.३६६. एक नाही. विषय संपला.

यातही एक गंमत आहे. ३० च्या ऐवजी ४५ घातले तर साइन आणि कोसाइन दोन्ही सारखेच असतात. त्यामुळे साइनच्या जागी चुकून कोसाइन लिहिलं असेल तर ४५ अंश ती चूक लपवून टाकतो. ९० अंश घातले तर साइन अधिक कोसाइन खरोखरच १ येतं आणि चुकीचं विधान खरं वाटतं. म्हणजे तपासणीसुद्धा डोळे उघडे ठेवून करावी लागते. सोयीच्या जागी तपासलं तर सगळंच बरोबर दिसतं. मोजणी फक्त कोरड्या दिवसात केली तर नाला कधी तुंबतच नाही, तसंच हे! आणि एका कोनाला जुळलं म्हणजे सिद्ध झालं असंही नाही. सिद्धता लिहावीच लागते. पण न जुळणारं आधीच ओळखता येतं, हे काय कमी आहे?

हे बाहेरून आलेलं फॅड नाही

कुणी म्हणेल, ही परदेशी पुस्तकातली फॅशन. भास्कराचार्यांकडे जाऊ. १२ व्या शतकातला हा गणिती. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे, की त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला. म्हणजे हा आपल्या मातीतलाच वारसा. त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात माकडांच्या कळपाचं एक गणित आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करायचे, येईल त्याचा वर्ग करायचा, तेवढी माकडं गुहेत गेली. एक उरलं, ते फांदीवर दिसतंय. तर एकूण माकडं किती?

समीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. पन्नास तपासू. पाचवा हिस्सा १०, तीन गेले ७, वर्ग ४९, अधिक एक, ५०. जमलं. आता पाच. पाचवा हिस्सा १, त्यातून तीन गेले, उणे २. वर्ग ४, अधिक एक, ५. समीकरणात बसतंय! पण उणे दोन माकडं कुणी पाहिली? भास्कराचार्यांनी दुसरं उत्तर ग्राह्य धरलं नाही, कारण असली ऋण राशी व्यवहारात लोक मानत नाहीत. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा माणूस आकडा मिळाल्यावर थांबत नाही, माकडांकडे परत जाऊन बघतो. आणि आपली २१ व्या शतकातली पोरं बापाचं वय उणे लिहून खाली रेघ मारतात.

त्रिकोणमितीचंही ऐका. या देशाची मोजणी त्रिकोणांनी झाली. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळ काम सुरू केलं, पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते नेलं. एक पायारेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची आणि मग कोन मोजत, त्रिकोण जोडत शेकडो मैल पुढे जायचं, ही पद्धत. पण त्यांनी गणितावर आंधळा विश्वास ठेवला नाही. दूर पोचल्यावर पुन्हा एक रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची आणि हिशेबाने आलेल्या लांबीशी पडताळायची. कित्येक वर्षांचं काम या एका पडताळणीवर टांगलेलं असायचं. त्यांच्या पुस्तकाच्या मागे उत्तरसूची नव्हती. भारताची लांबी-रुंदी कुणी आधी छापून ठेवली नव्हती.

आता सरकार आणि मंडळाकडे येऊ

२०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद आली. दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी पुढे जाऊ द्यायचं, मात्र गुणपत्रिकेवर शेरा मारायचा की या विद्यार्थ्याला पुढे गणित-विज्ञानाच्या वाटेला जाता येणार नाही. त्यावर तेव्हा बराच गदारोळ झाला. मी त्या हेतूवर टीका करणार नाही. गणितात नापास झाला म्हणून चित्रकार, सुतार किंवा नर्स होऊ शकणाऱ्या मुलाचं शिक्षणच थांबावं, हे मलाही पटत नाही.

पण मला त्यात एक गोष्ट खटकते. १५-१६ वर्षांच्या पोराच्या कागदावर तुम्ही "तुझ्यासाठी हे दार बंद" असा शिक्का मारणार, आणि त्याला दार उघडायला का जमलं नाही, याची चौकशी मात्र कुणाची करणार नाही? ३५ चा आकडा २० वर आणणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरवरचा आकडा बदलणं.

आकड्यांचा खेळ जुना आहे. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा आला, भाषा आणि समाजशास्त्रातले अंतर्गत गुण काढले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली. अंतर्गत गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के. एका वर्षात महाराष्ट्राची पोरं इतकी हुशार झाली? गणितात लेखी ८० आणि अंतर्गत २०. हिशेब करा. अंतर्गतमध्ये १८ पडले तर ३५ च्या रेषेला लेखीतले १७ उरतात. अंतर्गत मूल्यमापनाला माझा विरोध नाही. खरं तर तपासणीची सवय लावायला ते २० गुण सोन्यासारखे आहेत. पण ते वाटायचे नसतात, कमवायचे असतात. किती शाळांत या २० गुणांसाठी मुलाची वही खरोखर उघडून बघतात? शाळांनी मनाला विचारावं.

'असर'चा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयोगटातल्या ग्रामीण मुलांवर होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं, एवढं गणित. ते जमलेली मुलं निम्म्याहून कमी, साधारण ४३ टक्के. या वयातला बराचसा वर्ग दहावीच्या आसपासचा. भागाकार जमत नाही आणि आपण त्याला विवेचक काढायला सांगतोय. तो बिचारा उत्तर जुळवणार नाही तर काय करणार?

मास्तरांना फक्त शिव्या देऊ नका

मास्तर वह्या तपासत नाहीत, अशी तक्रार सगळे करतात. पण ६०-७० पोरांच्या वर्गात बीजगणित आणि भूमिती दोन्ही शिकवणाऱ्या सरांनी वही तपासायची कधी? निवडणूक आली की मतदारयादी, जनगणना आली की घरोघर फेऱ्या, वर ऑनलाइन माहिती भरा, फोटो अपलोड करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये म्हटलंय, पण त्याच कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं वगळली आहेत. आणि निवडणुका तर आपल्याकडे बारा महिने!

पण सर, मॅडम, एक विनंती तुम्हालाही आहे. तुम्ही वही तपासू शकत नसाल तर पोरांना स्वतःची वही तपासायला शिकवा. याला जास्तीचा वेळ लागत नाही, उलट तुमचा वाचतो. फळ्यावर गणित सोडवलं की शेवटी "उत्तर" लिहून डस्टर उचलू नका. "ताळा" असं लिहून दोन ओळी तिथेच करून दाखवा. आपल्या आजोबांच्या पिढीला ताळा करणं हा शब्द माहीत होता. बेरीज केली की ताळा, भागाकार केला की ताळा. किराणा दुकानदार वहीच्या कोपऱ्यात ताळा करायचा. हा शब्द वर्गातून गेला, त्याबरोबर सवयही गेली.

क्लासवाल्यांना मात्र मी सहज सोडणार नाही. तुम्ही पैसे घेता. टेस्ट झाल्याबरोबर ग्रुपवर उत्तरांची पीडीएफ टाकून देणं ही सेवा नाही, ती मुलाच्या हातातली कुबडी आहे. उत्तरसूची एक दिवस उशिरा टाका. आधी मुलांना स्वतःच्या उत्तरांपुढे खूण करायला सांगा: खात्री आहे, शंका आहे, माहीत नाही. मग सूची द्या. ज्याने "खात्री आहे" लिहिलं आणि चुकलं, त्याच्याशी पाच मिनिटं बोला. बॅनरवर ९८ टक्केवाल्याचा फोटो लावण्यापेक्षा हे कठीण आहे, मला कल्पना आहे.

"काका, आता एआय आहे ना!"

हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. फोटो काढला की मोबाइल पायऱ्यांसकट गणित सोडवून देतो. खरंय. फोटोमॅथसारखी अ‍ॅप कित्येक वर्षं आहेत, आता चॅटबॉट आलेत. मी त्यांच्या विरोधात नाही. बातमीसाठी मीही वापरतो. पण माझा अनुभव सांगतो, हे यंत्र चुकतं तेव्हाही आवाज चढवत नाही, बिचकत नाही. बरोबर उत्तर ज्या थाटात देतं, त्याच थाटात चुकीचंही देतं. मग ओळखणार कसं? ज्याला ताळा येतो त्याच्यासाठी मोबाइल हा मदतनीस आहे. ज्याला येत नाही त्याच्यासाठी तो मालक.

आणि परीक्षागृहात मोबाइल नाही, गाइड नाही, मागचं पान नाही. तिथे फक्त तुम्ही आणि तुमचं उत्तर. दोन तासांत ४० गुण, म्हणजे एका गुणामागे तीन मिनिटं. "ताळा करायला वेळ कुठे?" असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करावा. वीस सेकंदांच्या ताळ्याने तीन-चार गुणांचं गणित वाचतं. मंडळ पायऱ्यांना गुण देतं, त्यामुळे चूक कुठल्या पायरीवर झाली हे सापडलं तर तिथून पुढचं तेवढं सुधारायचं, अख्खं पान खोडायची गरज नाही.

"आमच्या पोराला कुठे इंजिनिअर व्हायचंय?"

हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. नका करू इंजिनिअर. पण तो उद्या बदलापुरात फ्लॅट घेईल ना? बिल्डर सांगेल तेवढं क्षेत्रफळ आणि बँक सांगेल तेवढा हप्ता मान्य करेल? रेराचा कायदा चटई क्षेत्रावर व्यवहार करा म्हणतो. पण ते क्षेत्र स्वतः मोजून, गुणून बघणारा ग्राहक नसेल तर कायदा काय करणार?

जुलै २०१९ आठवा. उल्हास नदीचं पाणी बदलापूर पश्चिमेच्या सखल भागात घुसलं होतं, तिकडे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. त्यानंतर पूररेषा हा शब्द आपल्या तोंडी आला. पूररेषा म्हणजे तरी काय? उंची, अंतर आणि कोन यांचा हिशेब. आपल्या इमारतीचं जोतं त्या रेषेच्या वर की खाली, हे सांगणारा कागद आपल्याला कुणीतरी देतो आणि आपण मान डोलावतो. मागच्या पानावर छापलंय ना, मग बरोबरच असणार! हेंद्रेपाड्यातल्या माणसाने तरी असं म्हणू नये. ज्यांच्या घरात पाणी येतं त्यांनी आकडे स्वतः तपासायला शिकलंच पाहिजे. दुसऱ्याचं उत्तर चुकलं तर भिजणार आपणच.

मग करायचं काय?

नुसती बडबड नको, म्हणून साध्या मागण्या लिहितो.

१. शाळांनी गणिताच्या अंतर्गत २० गुणांत ताळ्याला वजन द्यावं. उत्तर चुकलं तरी "माझं उत्तर बसत नाही, चूक इथे असावी" असं लिहिणाऱ्या मुलाला गुण द्या. ते मूल शिकतंय.

२. मंडळाने वर्षातून एक-दोन प्रश्न असे विचारावेत: खाली सोडवलेलं गणित दिलं आहे, त्यात चूक शोधा. बघा, एका वर्षात क्लासवाले ताळा शिकवायला लागतात की नाही.

३. आपापल्या नगरसेवकाला विचारा की प्रभागात अभ्यासिका आहे का, रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि दहावीच्या मुलांना तिथे शंका विचारायला आठवड्यातून दोन दिवस तरी कुणी बसतं का. एका खोलीच्या घरात टीव्हीसमोर बसून ताळा होत नाही हो. सत्काराच्या एका कार्यक्रमाचा मांडव आणि फेट्यांचा खर्च वाचवला तरी एका मानधनाची सोय होईल.

४. आई-बाबांनो, "जुळलं का?" विचारणं बंद करा. "तुला कसं कळलं की बरोबर आहे?" एवढंच विचारा. तुम्हाला गणित येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो. आठवी शिकलेल्या आईलाही आणि निरक्षर आजीलाही.

आणि पोरांनो, हे तुमच्यासाठी. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

वर्गसमीकरण सुटलं की मुळे परत घालून शून्य येतं का बघा. बेरीज आणि गुणाकार जुळवा. शाब्दिक उदाहरणात उत्तर कथेत नेऊन बसवा. वय, लांबी, वेग ऋण आला तर का सोडला ते लिहा. साइन-कोसाइन १ च्या वर गेला की थांबा. उन्नतकोन ४५ पेक्षा मोठा असेल तर उंची अंतरापेक्षा मोठी हवी, लहान असेल तर लहान. नित्यसमानतेत आधी ३० अंश घाला, ४५ नको. पुस्तकातल्या उत्तरापेक्षा तुमचं वेगळं *दिसलं* तर खोडण्याआधी छेद परिमेय करून बघा. आणि एवढं सगळं करूनही तुमचं बरोबर येत असेल तर पुस्तक, गाइड, क्लास किंवा हा पत्रकार, कुणीही काहीही म्हणो, तुमचं उत्तर खोडू नका. पान घेऊन सरांकडे जा आणि विचारा, "सर, छापील उत्तर चुकलंय का?"

दहावीतल्या पोराने हा प्रश्न न घाबरता विचारला, तर उद्या तोच नगरपरिषदेत जाऊन विचारेल, "साहेब, हा आकडा आला कुठून?" कदाचित म्हणूनच हा प्रश्न विचारायला आपल्याकडे फारसं कुणी शिकवत नाही.

ज्या सरांनी, मॅडमनी तुम्हाला ताळा करायला शिकवला असेल त्यांना ही पोस्ट टॅग करा. आणि दहावीच्या मुलांच्या ग्रुपवर टाका. आज रात्री उत्तरांची पीडीएफ यायच्या आत.

#दहावी #बदलापूर #हेंद्रेपाडा #ताळाकरा